तुकाबाईची कोकरं

मेंढी व्याली आणि तिनं आपलंच कोकरू घेतलं नाही, की धनगराच्या तोंडचं पाणी पळतं. मेंढीला पोर डोळ्यांनी कळत नाही, नाकानं कळतं. कोकराला एकदा का परका वास लागला, की सख्खी आई त्याला डोकं मारून लांब लोटते, आणि कोकरू ओरडून ओरडून शेवटी मान टाकतं. अशा वेळी नेऱ्याच्या शिवारातली माणसं गुरांच्या डॉक्टरला बोलवायच्या आधी तुकाबाईला हाक मारायची. ती यायची, कोकराच्या अंगाला मिठाचं पाणी चोळायची, मेंढीचं तोंड गुडघ्यांत धरायची आणि तिला शिव्या देत बसायची. "अगं भवाने, तुजंच हाय की! बघ तरी हुंगून!" मीठ चाटता चाटता मेंढी कोकरू चाटायला लागायची आणि तुकाबाई लुगडं झटकून घरी जायची.

ज्या कोकराची आई मेली असेल, त्याला घेऊन ती कळपात फिरायची. या मेंढीपुढं धर, त्या मेंढीपुढं धर. कुणीतरी घेतलं तर उत्तम. कुणीच घेतलं नाही, तर ते कोकरू तिच्या पदरात यायचं. "न्हाई घेत कुनी. ऱ्हा मग माज्याकडंच," असं ती त्याला सांगायची, आणि शेळीचं दूध बोटानं पाजून मोठं करायची. अशी तिची कितीतरी कोकरं. पोटचा मुलगा एकच, दादासाहेब. तो म्हणायचा, माझ्या आईला मी सोडून सगळी पोरं चार पायांची.

जोतिबा तिचा नवरा. काठी त्याच्या हातात, बाजारातला सौदा त्याच्या तोंडानं, आणि मिशीला पीळही त्याचाच. पण खरं सांगायचं तर कळप चालायचा तुकाबाईच्या नाकावर. संध्याकाळी मेंढरं चरून आली, की जाळीच्या वाघरीत दिवसभर कोंडलेली कोकरं एकच गलका करायची. तुकाबाई एकेक उचलायची, नाकाशी न्यायची आणि बरोब्बर त्याच्या आईखाली सोडायची. जोतिबा नुसता मेंढ्या धरायला. तेही नीट जमायचं नाही. तंबाखूचा हात लावून कोकरांना वास लावतो म्हणून तो रोज शिव्या खायचा, आणि रोज तसाच हात लावायचा.

मग एका संध्याकाळी तुकाबाईनं भलतंच कोकरू भलत्याच मेंढीखाली सोडलं. मेंढीनं त्याला उडवलं. तुकाबाई बघत उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं, की जोतिबाला ते बघवलं नाही, म्हणून तो ओरडला, "डोळं फुटलं का तुजं?" तिनं उलटून शिवी दिली नाही. खरं तर तेव्हाच त्यानं घाबरायला हवं होतं. पुढं असं अधूनमधून व्हायला लागलं, आणि जोतिबा तिच्या मागं फिरून गुपचूप कोकरं बदलायला लागला. कुणाला सांगितलं नाही. बाईमाणूस थकलं की विसरायचंच, त्यात सांगण्यासारखं काय, असं त्याला वाटलं. असं वाटणारा तो काही पहिला नवरा नव्हता.

इकडं नेऱ्याची रानं एकेक करून पत्र्याच्या कुंपणाआड गेली. जिथं मेंढरं बसायची तिथं बारा-बारा मजले उठले. दादासाहेब हिंजवडीला कंपनीची बस चालवायचा, सून तिथल्याच एका कँटीनमध्ये पोळ्या लाटायची. "मेंढरं चारायची कुटं, आबा? लिफ्टमदी?" दादासाहेब म्हणाला, आणि त्याचं चुकलं नव्हतं. जोतिबानं सगळा कळप माले गावच्या भिकूला विकला. भिकू त्याचा मावसभाऊ. परक्याच्या दावणीला दिल्याचं दुःख नको म्हणून त्याला. म्हातारीला आराम मिळेल, असंही जोतिबाच्या मनात होतं. आराम कसला! ज्या दोरीला धरून ती अंधारात चालत होती, तीच त्यानं सोडवून घेतली होती.

कळप गेल्यापासून दिवस कलला, की तुकाबाई बेचैन व्हायची. ओट्यावर उभी राहून कानोसा घ्यायची. "कोकरं वरडत्यात. ऐकू येत न्हाई व्हय तुमाला?" जोतिबा म्हणायचा, "येतंय, येतंय, बस तू." पण ती बसायची नाही. सुनेनं कुणाच्या तरी सांगण्यावरून लिंबू उतरून टाकलं, बिरोबाचा भंडारा लावला. भंडाऱ्यानं एक कपाळ तेवढं पिवळं झालं.

एका संध्याकाळी जोतिबाचा डोळा लागला आणि ती समोरच्या सोसायटीत शिरली. बागेत घसरगुंडीपाशी एक लहान पोर भोकाड पसरून बसलं होतं. त्याची आई थोडी पलीकडं फोनवर बोलत होती. तुकाबाईनं रडणारं पोर बघितलं, उचललं, हुंगलं, आणि बागेतल्या तिसऱ्याच बाईच्या मांडीवर नेऊन ठेवलं. "घे गं, तुजंच हाय." पुढं काय झालं ते सांगवत नाही. कुणी ओरडलं, पोरं पळवणारी बाई! कुणी धावलं, कुणी फोन समोर धरून चित्रीकरण करायला लागलं, आणि कुणाचा तरी हात उठला. जोतिबा धापा टाकत पोचला, तेव्हा ती वॉचमनच्या खोलीत जमिनीवर बसली होती. कपाळावर टेंगूळ, पदर फाटलेला. त्याला बघून ती एवढंच म्हणाली, "पाजलं का त्याला?"

पोलिसांना तिचा सगळा प्रकार कळला. त्यांनी गुन्हा लिहिला नाही, पण दादासाहेबाला बजावलं, की हिला मनाच्या दवाखान्यात दाखव. पुढच्या वेळी जमाव ऐकणार नाही. बावधनच्या पलीकडं, टेकडीच्या कुशीत एका ट्रस्टचं मनोरुग्णालय होतं. तिथं बायकांच्या वॉर्डात तुकाबाईला ठेवून घेतलं.

जोतिबा आपल्यापरीनं तिच्या सोबत राहायला निघाला होता. खांद्यावर घोंगडी टाकून तयार. दारातच त्याला कळलं, की बायकांच्या वॉर्डात सोबतीला बाईच लागते. पुरुषानं भेटीच्या वेळेला यायचं, बाहेरच्या ओसरीवर बसायचं, आणि पेशंटला तिथं आणतील तेव्हा बोलायचं. "मी तिचा नवरा हाय," तो म्हणाला. "हो ना आजोबा, पण आत बाकीच्याही बायका आहेत," वैष्णवी सिस्टर म्हणाली. हे त्याला पटलं. पण सोबतीला बाई आणायची कुठून? सून कामाला, नात बारावीला. तुकाबाई तिथं एकटीच राहिली.

ओसरीच्या पलीकडं पुरुषांचा वॉर्ड होता. तिथं जवळजवळ प्रत्येक खाटेपाशी एक बाई. कुणी भात कालवून भरवतेय, कुणी नखं काढतेय, कुणी नवऱ्याच्या शिव्या ऐकत त्याचेच पाय चेपतेय. त्यांचे डबे, त्यांच्या चपला, त्यांची आपसातली बोलणी, सगळा बाजार तिकडं. आणि इकडं, बायकांच्या बाजूच्या बाकावर जोतिबा एकटा. भेटीची वेळ संपेपर्यंत त्या बाकावर दुसरं कुणी येऊन बसलं नाही.

दुसऱ्या खेपेला डॉक्टर सुलक्षणाबाई त्याच्याशेजारी येऊन बसल्या. अकोल्याकडच्या, वयानं तरुण. म्हाताऱ्या माणसांच्या या विसरण्याच्या आजाराचा त्या अभ्यास करत होत्या: कोण येतं, कुठून येतं, किती उशिरा येतं.

"आजोबा, कधीपासून आहे हे?"

"मेंढरं इकली तवापासनं."

"त्याआधी काहीच नव्हतं?"

जोतिबानं टोपी काढली, पुन्हा घातली. मग चुकलेल्या कोकरांचं सगळं सांगितलं, आणि आपण मागून ती कशी बदलायचो तेही. बाई मान हलवत राहिल्या. त्यांना नवीन काहीच नव्हतं.

"पुरुष विसरायला लागला, की त्याची बायको चार-सहा महिन्यांत इथं घेऊन येते," त्या म्हणाल्या. "बाई विसरायला लागली, की घर म्हणतं वय झालं. मग ती हरवते, पडते, नाहीतर मार खाते, तेव्हा कुणीतरी आणून सोडतं. वर्षं गेलेली असतात मधे. आणि आत बघा तुम्ही, बहुतेक सगळ्या गावाकडच्या. शाळेत न गेलेल्या. आज तारीख काय, शंभरातून सात वजा करा, हे आम्ही विचारतो, तर ते त्यांना आधी तरी कुठं येत होतं? विसरल्या की मुळात माहीतच नव्हतं, हे ठरवायला आम्हालाही वेळ लागतो. आणि बहुतेकींचे नवरे आधीच गेलेले."

"आन ज्यांचं हायेत?"

बाईंनी मोकळ्या बाकाकडं बघितलं. "माझ्या अभ्यासात इथं येऊन बसणारे नवरे फार नाहीत, आजोबा."

जोतिबाला आपली शाबासकी झाल्यासारखं वाटायला हवं होतं. त्याला लाज वाटली. पाठीमागून कोकरं बदलणारा नवराही त्या अभ्यासात कुठंतरी बसत असणार, हे त्याला न सांगताच कळलं.

मग बाईंनी खरा प्रश्न काढला. तुकाबाई तिथं काही खात नव्हती. दिवसा भिंतीकडं तोंड करून पडून राहायची, आणि दिवस मावळायला आला की उठून खाटाखाटांवरच्या उशा उचलायची. एक उशी नाकाशी न्यायची, आणि भलत्याच बाईच्या कुशीत नेऊन ठेवायची. बायका ओरडायच्या, झिंज्या ओढायच्या. एकीनं तिच्या हाताला कडकडून चावा घेतला होता. मग दुपारीच झोपेचं औषध द्यावं लागायचं, आणि औषधाच्या गुंगीत जेवण आणखीच राहायचं.

"उशा का गोळा करतात, काही कल्पना आहे?"

"गोळा न्हाई करत," जोतिबा म्हणाला. "वाटती. ज्याचं त्याला."

त्यानं समजावून सांगितलं. मग बाई म्हणाल्या, "इथं फार दिवस ठेवता येणार नाही त्यांना. घरी नेणारं कुणी असेल तर घरीच बरं. नसेल तर कायमच्या राहण्याच्या जागेत पाठवावं लागेल. ती सोलापूरकडं आहे. पुढच्या आठवड्यात जागा होतेय तिथं."

ही गोष्ट घरी सांगितली तेव्हा दादासाहेब ताटावर बसला होता. त्यानं हातातला घास खाली ठेवला. वाईट माणूस नव्हता तो. बस चालवून चालवून त्याची कंबर गेली होती, आणि आईच्या कपाळावरचं टेंगूळ बघून तो अंघोळीच्या मोरीत जाऊन रडला होता. "घरी आनून बघनार कोन, आबा? आमी दोघं भाईर."

"मी बघन."

"तुमी? तिला न्हाऊ घालनार? लुगडं नेसवनार?"

"शिकन की."

सुनेनं पदर तोंडाला लावला. हसू होतं का रडू, कुणास ठाऊक. दादासाहेब हळू आवाजात म्हणाला, "ती मला वळखत न्हाई. पोरीला वळखत न्हाई. तुमी रोज जाताय, तर तुमाला तरी नीट वळखती का? उद्या मी संगं येतो. वळखलं, तुमच्या हातनं घास खाल्ला, तर आनू घरी. न्हाईतर तुमाला मारून पळून जाईल ती, आन ह्या टायमाला मानसं तिला जिती सोडायची न्हाईत."

बोलणं कडू होतं, पण खोटं नव्हतं. आजवर ओसरीवर आणलेली तुकाबाई गुंगीतच असायची. तिनं ओळखलं की नाही, हे जोतिबानं स्वतःलाही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जोतिबा नवरदेवासारखा नटला. सुनेनं वासाचा साबण काढून दिला, तो त्यानं अंगाला दोनदा लावला. डोक्याला तेल, गळ्याला पावडर, इस्त्रीचा पांढरा सदरा. घोंगडी सुनेनं आधीच कपडे धुण्याच्या मशिनीत घालून काढली होती. दवाखान्यात बरं दिसत नाही म्हणून. दाढी करायलाही तो विसरला नाही. बाईंना सांगून दोन दिवस औषध उशिरा ठेवलं होतं, म्हणजे तुकाबाई शुद्धीत असेल.

वैष्णवी सिस्टरनं तिला धरून ओसरीवर आणलं. तुकाबाई बारीक झाली होती. जोतिबानं डबा उघडला, भाकरीचा तुकडा दुधात भिजवला आणि हात पुढं केला. "तुके, खा."

तिनं त्याचा हात धरला. नाकाशी नेला. हुंगला. मग मनगट, मग कोपर, मग सदऱ्याची बाही. तुकाबाईनं तो हात असा टाकून दिला, जसा कुणी निखारा टाकतो. "आपल्यातला न्हाई ह्यो," ती सिस्टरला म्हणाली. "कुनाचा शिरलाय, हाकला त्याला." आणि दोन्ही हातांनी तिनं त्याच्या छातीवर असा रेटा दिला, की म्हातारा बाकावर आदळला, डबा सांडला.

दादासाहेबानं बापाला उठवलं. सांडलेला डबा गोळा केला.

परतीच्या बसमध्ये जोतिबा खिडकीशी बसला होता. नाक पुसायला म्हणून त्यानं हात तोंडाशी नेला आणि त्याला तो वास आला. मोगऱ्याचा की कसला. तो तसाच हात धरून राहिला. अरे जोतिबा! उभा जन्म मेंढरांत काढलास, आणि हुंगून ओळखणाऱ्या बाईपुढं साबणानं धुऊन गेलास! व्यालेल्या मेंढीपुढं धुतलेलं कोकरू कुणी धरतं का? हे तर तुकी पोरासोरांनाही सांगायची. तिच्या सगळ्या शिव्या त्याला ओळीनं आठवल्या, तंबाखूच्या हातावरून दिलेल्या. तो हसायला लागला, आणि हसता हसता त्याला रडू फुटलं. पुढच्या सीटवरची बाई वळून बघायला लागली. त्यानं कंडक्टरला हाक मारली आणि मधेच उतरला.

"कुटं?" दादासाहेब दारातून ओरडला.

"माल्याला जातो. उद्याच्याला तितं दवाखान्यात ये तू. शेवटचं ये, मंग तू म्हनशील ते."

भातं कापून झाली होती. माल्याच्या खाचरांत भिकूची मेंढरं खतासाठी बसवली होती. जोतिबा बांधावरून उतरला, तेव्हा कोकरं पाजायचीच वेळ होती. भिकूनं त्याला पांढऱ्या सदऱ्यात बघितलं आणि म्हणाला, "कुनाचं लगीन हाय, दादा?" जोतिबानं थोडक्यात सांगितलं. भिकू हसला नाही. त्यानं आपली घोंगडी खांद्यावरून काढून जोतिबाला दिली. ती घोंगडी कित्येक वर्षांत पाण्याला लागली नव्हती.

कळपातून एक म्हातारी मेंढी बाजूला झाली आणि जोतिबाच्या गुडघ्याशी येऊन उभी राहिली. एका कानाला टवका गेलेली. तुकाबाईच्या पदरात वाढलेलं कोकरू होतं ते, कुणीच न घेतलेलं. जोतिबा तिच्या गळ्यात पडला. लोकरीत तोंड खुपसून त्यानं मनसोक्त रडून घेतलं. माणसांत रडायला त्याला जागा मिळाली नव्हती. मग त्यानं वाघरीतली कोकरं उचलून त्यांच्या आयांखाली सोडली. कितीतरी चुकली. भिकूनं मागून फिरून ती बदलली. रात्र त्यानं कळपातच काढली, मेंढरांच्या अंगाला अंग लावून.

दुसऱ्या दिवशी तो एसटीत चढला, तेव्हा भरल्या गाडीत त्याला आपोआप जागा झाली. शेजारच्यानं नाकाला रुमाल लावला. एक पोरगी म्हणाली, "आजोबा, खिडकी उघडा ना प्लीज." जोतिबानं उघडली, पण तोंडावर येणाऱ्या वाऱ्यानं वास उडून जाईल या भीतीनं घोंगडी अंगाभोवती घट्ट ओढून घेतली. दवाखान्याच्या फाटकावरच्या माणसानं त्याला अडवलं. कालचा इस्त्रीवाला म्हातारा तो हाच, हे त्याला पटेना. शेवटी सुलक्षणाबाई स्वतः आल्या. त्यांनी एकदा श्वास घेतला, आणि त्यांना सगळं कळलं. "सिस्टर, आज यांना आत येऊ द्या. मी बरोबर थांबते," त्या म्हणाल्या.

दादासाहेब वॉर्डच्या दारात उभा राहिला. दिवस कलला होता. आत तुकाबाई उशा वाटत फिरत होती. एका खाटेपाशी थबकली. मान वर केली. तिच्या नाकपुड्या हलल्या.

जोतिबा जागचा हलला नाही. मेंढी कोकराकडं आपली आपण यायला हवी. ओढून आणली तर घेत नाही.

ती आली. घोंगडी हुंगली, गळा हुंगला, कानामागं हुंगलं. तिच्या चेहऱ्यावरचा ताण असा उतरला, की तसा चेहरा त्यानं कित्येक महिन्यांत बघितला नव्हता. मग तिनं त्याचा कान चिमटीत धरला आणि पाळीवर बोट फिरवलं. मेंढराच्या कानाला पाडतात ती कळपाची खूण शोधत होती ती.

"कुनाचं रं तू?" तिनं विचारलं. फार मायेनं विचारलं.

"तुजा," जोतिबा म्हणाला. "तुके, मी तुजा."

"आय कुटं तुजी? मेली व्हय?" ती म्हणाली. "चल. बघू कुनी घेतंय का."

तिनं त्याच्या हाताला धरलं आणि पहिल्या खाटेपाशी नेलं. तिथल्या बाईनं भिंतीकडं तोंड फिरवलं. दुसरी किंचाळली; सिस्टर तिला शांत करायला धावली. तिसरी नुसती बघत राहिली. कोपऱ्यात एक खूप म्हातारी बाई होती. तिला भेटायला कधी कुणी आल्याचं सिस्टरलाही आठवत नव्हतं. तिनं जोतिबाचा गाल कुरवाळला, कुणाचं तरी नाव घेतलं, क्षणभर हसली, आणि मग तिचा हात आपोआप खाली गळला. जोतिबा सगळ्या खाटांपुढं उभा राहिला. पिकल्या मिशांचा धनगर, खाली मान घालून, जिच्याशी संसार केला तिच्या हाताला धरून, दुसरी आई शोधत. दारात दादासाहेबानं तोंडावर हात धरला होता.

सगळ्या खाटा संपल्या. तुकाबाई आपल्या खाटेवर येऊन बसली. तिनं त्याला खाली बसवलं, त्याचं डोकं मांडीवर ओढलं आणि पदर टाकला.

"न्हाई घेत कुनी," ती म्हणाली. "ऱ्हा मग माज्याकडंच."

सिस्टरनं दुधाची वाटी पुढं ठेवली. तुकाबाईनं त्यात बोट बुडवून त्याच्या ओठांना लावलं. त्यानं चाटलं. मग त्यानं भाकरीचा तुकडा भिजवून तिच्या तोंडाशी नेला, आणि तिनं तो खाल्ला. कोकरू दूध प्यायलं की तिलाही भूक लागायची, पहिल्यापासूनच. असे ते दोघं बराच वेळ एकमेकांना भरवत राहिले. नवरा म्हणून जोतिबा त्या संध्याकाळी संपला. त्याला ते चांगलं कळलं, आणि तरी त्यानं डोकं मांडीवरून उचललं नाही.

बाहेर आल्यावर दादासाहेबानं विचारलं, "वळखलं का, आबा?" त्यानं सगळं डोळ्यांनी बघितलं होतं, तरी विचारलं.

"घेतलं," जोतिबा म्हणाला. "घेतलं तिनं मला."

सोलापूरकडची जागा नको म्हणून दादासाहेब स्वतःच डॉक्टरबाईंना सांगायला गेला.

आता तुकाबाई नेऱ्याला घरी आहे. जोतिबा तिला न्हाऊ घालतो, लुगडं वेडंवाकडं गुंडाळतो; सून येऊन नीट करते. तो स्वतः मात्र साबणाला हात लावत नाही, आणि त्याची घोंगडी धुवायची नाही हे घरात सगळ्यांना माहीत आहे. दिवस कलला, की तुकाबाई त्याच्या हाताला धरते आणि आळीतून फिरवते. दारादारांत बायका उभ्या असतात. त्यांना आता सवय झाली आहे. "आज न्हाई गं मावशी," असं म्हणून त्या मान हलवतात, आणि जोतिबा त्यांच्याकडं असा बघतो, जसं कर्ज माफ झालेल्या माणसानं बघावं.

मधे तिला ताप आला होता. त्या संध्याकाळी आळीतून फिरून आल्यावर ती ओट्यावर थांबली, त्याचा हात सोडला, आणि त्याच्याकडं नुसती बघत राहिली. पुढचं वाक्य तिला आठवेना. जोतिबानं वाट पाहिली. कोकरं ओरडायची तसा तो आतून ओरडत होता. शेवटी तोच तिच्या कानाशी वाकला आणि हळूच म्हणाला, "न्हाई घेत कुनी."

तुकाबाईनं मान हलवली. तिनं पदर उचलला.